विश्लेषण : परदेशी प्रवेश हुकला, दुसऱ्या अर्जाला जुनेच शिफारसपत्र चालेल का?

अमेरिकेतील बहुतांश विद्यापीठांत पदव्युत्तर अर्जाची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते आणि मार्च-एप्रिलपर्यंत निकाल हाती येतो. नकार आला की अनेक जण वर्षभर नोकरी करून पुन्हा अर्ज करतात. हिंजवडी आयटी पार्कजवळच्या मुळशी तालुक्यातील चांदे-नांदे परिसरात राहणाऱ्या तरुण अभियंत्यांसाठी हा अनुभव नवा नाही. परीक्षेचे गुण असतात, निबंध नव्याने लिहिता येतो. गाडी अडते ती शिफारसपत्रांवर. ‘सरांना पुन्हा कोणत्या तोंडाने विचारायचे?’ या संकोचापोटी जुनेच पत्र पुढे ढकलले जाते. ही चूक महागात पडू शकते.

जुने पत्र चालते का?

प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा असतो. काही ठिकाणी मागील वर्षीची पत्रे पुन्हा वापरता येतात, तर अनेक ठिकाणी नव्या अर्जासोबत शिफारस करणाऱ्याला नवी लिंक जाते. त्यामुळे प्रवेश कार्यालयाला ईमेल करून विचारणे उत्तम. मात्र परवानगी असली तरी जुने पत्र शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल बोलते. त्यानंतरच्या वर्षभरात काय बदलले, हे त्यात नसते. दुसऱ्या अर्जात निवड समितीला नेमके तेच पाहायचे असते.

नकार आल्याचे सरांना सांगावे का?

जरूर सांगावे. निकाल काहीही लागो, तो कळवणे हा साधा शिष्टाचार आहे. मुदतीच्या किमान सहा आठवडे आधी भेटावे किंवा ईमेल करावा. सोबत नवा बायोडेटा, नव्या कामाची थोडक्यात माहिती, विद्यापीठांची यादी आणि तारखा द्याव्यात. ‘तेच पत्र पाठवा’ म्हणण्यापेक्षा ‘या वर्षी हे केले, त्याचा उल्लेख करता येईल का?’ असे विचारावे.

तिन्ही नावे तीच ठेवावीत का?

साधारणपणे तीन पत्रे मागितली जातात. कामाची जवळून ओळख असलेले प्राध्यापक कायम ठेवावेत. केवळ पद मोठे म्हणून घेतलेले नाव बदलावे. पीएचडीसाठी संशोधन पाहिलेल्या व्यक्तीचे पत्र जास्त मोलाचे. ऑफिसमधील मॅनेजरला विचारले की नोकरी सोडण्याचा बेत उघड होतो. अशा वेळी आधीचा टीम लीड किंवा जवळून काम पाहिलेला वरिष्ठ सहकारी हा पर्याय असतो.

‘तूच लिहून आण’ म्हटले तर?

खरी मेख इथेच आहे. ‘ड्राफ्ट आण, मी सही करतो’ हे उत्तर आपल्याकडे सर्रास मिळते. मग तिन्ही पत्रांची भाषा एकसारखी होते आणि वाचणाऱ्याच्या ते लक्षात येते. विद्यार्थ्याने ड्राफ्टऐवजी मुद्द्यांचे टिपण द्यावे. सरांच्या नावाने खोटा ईमेल आयडी काढून पत्र पाठवण्याचा ‘शॉर्टकट’ उघड झाला, तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो.

अमेरिकेतील १९७४च्या कायद्यानुसार प्रवेश घेतल्यावर विद्यार्थ्याला आपली पत्रे पाहण्याचा हक्क मिळतो. अर्ज भरताना तो सोडता येतो. बहुतेक जण सोडतात, कारण गोपनीय पत्रावर समितीचा विश्वास अधिक असतो.

जुने उदाहरण काय सांगते?

१९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे प्रा. एडविन सेलिग्मन यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची शिफारस लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांच्याकडे केली. शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये बाबासाहेबांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३मध्ये डीएस्सी झाले. १९२५मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच होती. बाबासाहेबांना प्रवेश नाकारला गेला नव्हता, त्यांची अडचण पैशांची होती. पण गुरू-शिष्याचे नाते एका पत्रापुरते नसते, हे यातून दिसते.

जबाबदारी कोणाची?

फक्त विद्यार्थ्याची नाही. साठ-सत्तर जणांच्या वर्गात प्रत्येकाची ओळख ठेवणे प्राध्यापकांना अवघड जाते, हे खरे. तरीही प्रकल्पाच्या नोंदी जपणे आणि जमणार नसेल तर स्पष्ट ‘नाही’ म्हणणे महाविद्यालयांना शक्य आहे. मिळमिळीत होकारापेक्षा तो नकार परवडतो, कारण दुसरे नाव शोधायला वेळ उरतो. अर्जाचे शुल्क आणि आयुष्याचे एक वर्ष मात्र विद्यार्थ्याचेच जाते.