उड्डाणाचा छंद आणि आमचा शहाणपणा

पसरणीचा घाट निम्मा चढून गेल्यावर, माघ-फाल्गुनातील एखाद्या स्वच्छ दिवशी, पाचगणीच्या पठाराच्या कडेवरून एखादे तांबडे-पिवळे छत्र कृष्णेच्या खोऱ्यावर अलगद सुटताना वाईकराच्या दृष्टीस पडते. एस.टी.तील उतारू क्षणभर खिडकीतून माना बाहेर काढतात, 'पॅराग्लायडिंग' असा शब्द उच्चारतात आणि पुन्हा आपल्या मोबाइलात मग्न होतात. हा देखावा आता इतका अंगवळणी पडला आहे, की त्याविषयी चार ओळी लिहाव्यात असे आम्हांस कधी वाटले नव्हते. ते वाटले एका स्नेह्याच्या वाक्यामुळे.

हे स्नेही आमच्या पिढीतील, सुशिक्षित, वाचनाचे शौकीन व सेवानिवृत्त आहेत. नातवास व्यावसायिक वैमानिक करण्यासाठी घर गहाण टाकून ४० लाखांचे कर्ज काढण्याचा त्यांचा विचार चालू आहे, व तो ते अभिमानाने सांगत होते. त्याच बैठकीत बँकेतील एका तरुण मुलीचा विषय निघाला. ती स्वतःच्या पगारातून पैसे साठवून सुट्टीत उडावयास शिकणार होती. नोकरीसाठी नव्हे, केवळ हौसेसाठी. त्यावर आमचे स्नेही हसून म्हणाले, "कर्ज काढून वैमानिक होणे ही महत्त्वाकांक्षा, पदरचे पैसे मोडून उडणे हा उनाडपणा." बैठकीतील बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्हीही त्या वेळी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहोत.

या वाक्यात आमच्या वर्गाचे सारे तत्त्वज्ञान साठलेले आहे. विद्या ही नोकरीसाठी, खर्च हा परताव्यासाठी, आणि ज्यातून प्रमाणपत्राखेरीज काही निष्पन्न होत नाही अशी गोष्ट शिकावयाची झाली तर ती फुकट शिकावी, नपेक्षा शिकूच नये! मुलीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षा देवविणारे आणि लग्नानंतर तंबोरा माळ्यावर टाकणारे आम्हीच. मग विमानाचा अपवाद आम्ही का करावा?

परंतु उड्डाणाच्या बाबतीत या विचारसरणीस इतिहासाचा मुळीच आधार नाही. माणूस उडू लागला तो पगारासाठी नव्हे. ओटो लिलिएन्थालने बर्लिनजवळच्या टेकड्यांवरून सुमारे दोन हजार वेळा झेपा घेतल्या व १८९६ साली पडून त्याचा अंत झाला. त्याचा चरितार्थ चालत होता तो यंत्रे व बाष्पके बनविण्याच्या कारखान्यावर. राइट बंधूंचे डेटन गावी सायकलींचे दुकान होते. १९०३ च्या डिसेंबरात त्यांचे जे यंत्र उडाले त्याचा सारा खर्च दुकानाच्या नफ्यातून भागला, आणि तो हजार डॉलरांच्या आतच राहिला असे सांगतात. त्याच सुमारास अमेरिकन सरकारचे हजारो डॉलर घेऊन लँग्ले या नामांकित शास्त्रज्ञाने बांधलेले यंत्र मात्र पोटोमॅक नदीत कोसळले. हौशी माणसाने पदरचे पैसे मोडणे हा उनाडपणा असेल, तर विमानविद्येचा जन्म या उनाडपणातूनच झाला, असे म्हणणे भाग आहे.

आमच्या स्नेह्यांना हे परदेशी दाखले मान्य होणार नाहीत. तेव्हा घराजवळ येऊ. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ सालचा. जे. आर. डी. टाटांना १९२९ च्या फेब्रुवारीत मिळालेला देशातील पहिला वैमानिक परवाना याच क्लबातील शिक्षणाचे फळ. टाटा श्रीमंत होते हे खरे. परंतु पुढच्याच वर्षी आगाखान यांनी लावलेल्या पारितोषिकासाठी इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने तोडून जो पहिला आला तो ॲस्पी एंजिनिअर सतरा-अठरा वर्षांचा, कराचीच्या रेल्वेतील एका अधिकाऱ्याचा मुलगा होता. वाटेत इजिप्तमध्ये त्याचे यंत्र अडले तेव्हा विरुद्ध दिशेने येणाऱ्या प्रतिस्पर्धी टाटांनी आपल्याजवळचे स्पार्क प्लग त्याला दिले, आणि ते स्वतः थोडक्यात हरले. हाच मुलगा पुढे १९६० ते १९६४ या काळात भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला. त्या काळचे क्लब सरकारी साहाय्यावर चालत, आणि ते साहाय्य देण्यात परक्या सरकारलाही एवढे कळत होते की उडू शकणारी माणसे आधी हौसेने तयार होतात, मग गरजेस उपयोगी पडतात.

आणि मराठी माणसाचे काय? मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर हा तरुण पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात लढाऊ वैमानिक झाला व १९१८ साली फ्रान्समध्ये मरण पावला. त्याचे नाव आमच्या किती वाचकांस ठाऊक आहे? ठाऊक आहे ते शिवकर बापूजी तळपदे यांचे. १८९५ साली चौपाटीवर त्यांनी विमान उडविले, ही कथा आम्ही छाती फुगवून सांगतो. त्या उड्डाणास विश्वसनीय असा समकालीन पुरावा मिळत नाही, हे सांगणारास देशद्रोही ठरवितो. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली तपासणी केली. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातील आहे व त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. तरी २०१५ साली मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर व्याख्यान झालेच! तळपदे हे प्रयोगशील व धाडसी गृहस्थ होते याविषयी आम्हांस शंका नाही. आमची तक्रार निराळी आहे. पूर्वजांनी उडविलेल्या न उडविलेल्या विमानांचा अभिमान वाहण्यास खर्च येत नाही, म्हणून तो आम्हांस परवडतो. मुलगी खरोखर उडावयास निघाली की मात्र आम्हांस पासबुक आठवते.

याउलट कांदिवलीच्या अमोल यादव यांची गोष्ट पाहा. नोकरीने ते वैमानिक. पण राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी वर्षानुवर्षे खपून सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले; २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची नोंदणी झाली; उड्डाणाची परवानगी मिळावयास २०१९ उजाडले. विमान बांधण्यास जितके कष्ट पडले तितकेच ते कागदावर उतरविण्यास पडले असतील, असे या तारखांवरून दिसते. हा माणूस विमान बांधीत असताना त्याच्या सोसायटीतील किती जणांनी 'हे काय वेड' म्हणून कपाळाला हात लावला असेल, याची कल्पना आमच्या वाचकांनीच करावी.

आता खर्चाकडे वळू; कारण आमच्या वर्गाचा खरा आक्षेप तोच आहे, धोक्याचा व निरुपयोगाचा हे त्याचे सोज्ज्वळ वेष होत. इंजिनाचे विमान स्वस्त नाही, हे प्रारंभीच कबूल करतो. खासगी वैमानिकाच्या परवान्यास सतरा वर्षे वय, दहावीपर्यंत शिक्षण, वैद्यकीय पात्रता, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचे उड्डाण लागते; व्यावसायिक परवान्यास २०० तास. ताशी १२ हजारांचा दर धरला तरी ४० तासांचे ४ लाख ८० हजार होतात. लहान विमानांचे विशिष्ट पेट्रोल देशात २०२२ पर्यंत बाहेरूनच आणावे लागे, हेही या महागाईचे एक कारण. हा आकडा लहान नाही. परंतु ज्या घरात मुलाच्या लग्नाच्या एका मांडवास याहून अधिक लागतात, आणि दहा वर्षांत दुसरी मोटार येते, त्या घराने 'आम्हांस परवडत नाही' असे म्हणू नये. 'आम्हांस नको आहे' असे म्हणावे. धावपट्टीही फार दूर नाही. कोयनेच्या धरणाच्या कामासाठी बांधलेली कराडची धावपट्टी वाईहून दोन तासांच्या वाटेवर आहे, बारामतीस उड्डाणाचे विद्यालय आहे.

तथापि ज्याला एवढेही परवडत नाही त्याच्यासाठी मार्ग नाही काय? येथे आम्ही वाचकांस जर्मनीतील वासरकुप्पे नावाच्या टेकडीवर घेऊन जातो. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनयुक्त विमानांवर बंधने घातली. तेव्हा १९२० पासून तेथील विद्यार्थी साडेनऊशे मीटर उंचीच्या त्या बोडक्या टेकडीवर जमू लागले. स्वतः लाकूड तासून, कापड ताणून त्यांनी बिनइंजिनाची विमाने बांधली, आणि सोबत्यांनी रबराचा दोर ताणून त्यांना कड्यावरून फेकावे, असा क्रम सुरू झाला. उपाशीपोटी, तंबूत राहून. वाऱ्याच्या चढत्या प्रवाहावर तासन् तास तरंगण्याची विद्या त्या टेकडीवर वाढली.

आमचे पाचगणीचे पठार तेराशे मीटरांच्या आसपास आहे. खाली धोमच्या जलाशयापासून वाईपर्यंत कृष्णेचे खोरे पसरलेले. उन्हाने तापलेल्या शेतांवरून हवा वर चढते. खोऱ्यातून आलेला वारा कड्यास धडकून उर्ध्वगामी होतो. निसर्गाने जे वासरकुप्पेच्या विद्यार्थ्यांस दिले त्याहून अधिक आम्हांस दिले आहे. आणि फ्रान्समधील मियुसी गावच्या छत्रीधारकांनी १९७८ साली डोंगरउतारावरून धावत सुटण्याची जी युक्ती काढली, तीतून निघालेले हे पॅराग्लायडर म्हणजे जगातील सर्वांत स्वस्त विमान होय. सारा सरंजाम पाठीवरच्या एका पिशवीत मावतो. धावपट्टी नको, पेट्रोल नको, हँगरचे भाडे नको. प्राथमिक शिक्षण काही दिवसांचे असते व त्याचा खर्च एखाद्या बऱ्या सहलीहून फारसा अधिक होत नाही. वाऱ्याशी गाठ आहे म्हणून पावसाळ्यात बंद, आणि ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत हंगाम.

परंतु या पठाराचा आम्ही उपयोग काय केला? पर्यटकास पुढे बांधून दहा मिनिटे फिरवून आणण्याचा धंदा केला. बसणाराने छायाचित्र काढून घ्यावे व 'मी उडलो' म्हणावे. तो उडला नाही; त्याला उडविले. पालखीत बसणारास कोणी वारकरी म्हणत नाही. या धंद्यास आमचा विरोध नाही, त्यावर घाटमाथ्यावरील अनेक घरांच्या चुली पेटतात. पण खोऱ्यात जन्मलेल्या किती मुलामुलींनी स्वतःच्या हातात दोऱ्या घेतल्या, असे विचारले तर बोटांवर मोजण्याइतकी नावेही आम्हांस सांगता येणार नाहीत.

धोका आहेच. या भागात अपघात झाले आहेत, माणसे दगावली आहेत. ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. कड्याच्या मागील बाजूस वारा भोवऱ्यासारखा फिरतो, त्यात छत्र मिटते. दुपारी उष्ण प्रवाह उग्र होतात. परंतु हा धोका अज्ञानाने वाढतो व शिक्षणाने कमी होतो. राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून नोंदणीचे व सुरक्षिततेचे नियम घातले, ते योग्यच केले. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या बापाला मुलाने हेल्मेटविना पुणे-बंगळूर महामार्गावर मोटारसायकल पिटाळलेली चालते, त्याने आकाशाच्या धोक्यावर आम्हांस व्याख्यान देऊ नये.

येथे आमचा स्वतःचा दोष कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी पदार्थविज्ञान घेतलेल्या आमच्या एका विद्यार्थिनीला पॅराग्लायडिंग शिकावयाचे होते. तिचे वडील घरी आले. "सर, तुमचं ती ऐकते. तुम्हीच समजवा तिला," असे म्हणाले. आम्ही समजावले. आधी पदवी, मग नोकरी, मग काय ते पाहू, हे शब्द आमचेच. मुलीने मान खाली घातली व ती निघून गेली. आज ती एका शाळेत विज्ञान शिकविते. गेल्या दिवाळीत भेटावयास आली तेव्हा सहज बोलून गेली, "सर, वारा डोंगराला धडकून वर जातो, हे मी फळ्यावर काढून दाखवते. पण स्वतः कधी अनुभवलं नाही." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. आम्ही तिला आता शिकण्याविषयी विचारले, तेव्हा घराचे हप्ते व लहान मूल यांची तिने आठवण करून दिली. आमच्या त्या सल्ल्याची किंमत कोणत्याही पासबुकात लिहिलेली नाही. पण ती दिली आहे, आणि आम्ही नव्हे, तिने दिली आहे.

महाविद्यालयांनी या बाबतीत काय करावे, हा प्रश्न येथे येतोच. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात निवडक छात्रांस लहान विमानांवर विनामूल्य उडविण्याची सोय आहे. ती मोठ्या शहरांपुरती न राहता आमच्या जिल्ह्यांपर्यंत यावी. खोऱ्यातील महाविद्यालयांनी एक-दोन छत्रे सामाईक घ्यावीत, अधिकृत शिक्षक बोलवावा, हंगामात दर वर्षी दहा मुलांस शिकवावे. क्रिकेटच्या साहित्यावर व स्नेहसंमेलनाच्या मांडवावर खर्च करणाऱ्या संस्थांस हे अशक्य आहे, असे आम्हांस वाटत नाही.

आणि आमच्या स्नेह्यांस एक विनंती. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी नातवास एक आठवडा कामशेतला किंवा पाचगणीला शिकावयास पाठवावे. कड्याच्या टोकाशी पाय उचलताना त्याचे मन कचरले, तर ४० लाख वाचले. न कचरले, तर त्याला वारा कळेल, आणि तो कळलेला वैमानिक कोणत्याही कंपनीस हवाच असतो. आठवड्याचा खर्च आम्ही देऊ; बँकेतील त्या मुलीविषयी पुढच्या बैठकीत दोन बरे शब्द त्यांनी बोलावेत, एवढीच अट.