प्रेक्षकांवाचून फुटबॉल

२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागू झाली. आमच्या इस्लामपुराला तिची चाहूल आधीच लागली होती. एकाच कुटुंबाशी संबंधित रुग्णांची संख्या त्या महिन्याच्या अखेरीस वीसच्या पुढे गेली, आणि ज्यांनी वाळवा तालुक्याचे नावही ऐकले नव्हते त्यांना दूरचित्रवाणीवरून आमचे गाव ठाऊक झाले. गल्ल्या बंद झाल्या, पेठ नाक्यावरून कोल्हापूरला जाणारी एस.टी. थांबली. सांगायला थोडा संकोच वाटतो, पण त्या भयग्रस्त दिवसांत ज्या गोष्टींची रुखरुख आम्हांला लागून राहिली, त्यांत कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर अर्धवट राहिलेला फुटबॉलचा हंगामही होता.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. खेळाचे जाणकार नव्हे. वाढलो ते कुस्ती आणि कबड्डीच्या मुलखात. शिवाजी विद्यापीठात एम.ए. करीत असताना वसतिगृहातल्या मित्रांनी एकदा ओढून स्टेडियमवर नेले, आणि भाषाविज्ञानाच्या तासाला जे समजले नव्हते ते तिथल्या गॅलरीत समजले: परकी वस्तू आपली होते म्हणजे नेमके काय होते. तिथे खेळणाऱ्या संघांची नावेच पाहावीत. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. इंग्रजांचा खेळ येथे आला तो थेट लाल मातीच्या तालमीत उतरला आणि पेठेचे आडनाव लावूनच बाहेर पडला. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची ईर्षा चेंडूपेक्षा जुनी आहे. चेंडू हे तिला सापडलेले नवे निमित्त. नेमाड्यांच्या देशीवादावर वर्गात आम्ही बरेच बोलतो. पण त्याचे इतके जिवंत उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडत नाही, हे मान्य केले पाहिजे.

महासाथीने या खेळाचे जे केले, त्याकडे आम्हांला टीकाकाराच्या नजरेने पाहावेसे वाटते. मे २०२० मध्ये जर्मनीतल्या अव्वल साखळीने रिकाम्या स्टेडियमात सामने पुन्हा सुरू केले. कुठे खुर्च्यांवर प्रेक्षकांचे पुठ्ठ्याचे पुतळे बसवले गेले. पुढे इंग्लंडच्या सामन्यांच्या प्रक्षेपणात ध्वनिमुद्रित गजर घालण्यात आला. आपल्याकडे इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम गोव्यात, बंद दारांआड पार पडला. करारातले पैसे प्रक्षेपणाचे होते, तेव्हा प्रक्षेपण झाले म्हणजे खेळ झाला, असा तो हिशेब. त्यात गैर काही नाही. घरी कोंडलेल्या लाखो लोकांना त्याने दिलासाही दिला; आम्हीही त्यांतलेच.

पण शाहू स्टेडियमवर हे कसे करणार? तिथल्या संघाचा हंगाम पेठेतल्या वर्गणीवर, एखाद्या हौशी व्यापाऱ्याच्या देणगीवर आणि सामन्याला लोटणाऱ्या गर्दीवर उभा असतो. खेळाडूचे मानधन, बूट, सरावानंतरची अंडी आणि दूध हे सारे त्यातूनच येते. गर्दी काढून घेतली की मागे प्रतिमासुद्धा उरत नाही, मग विकायची कशाची? वरच्या फुटबॉलला प्रेक्षक हवासा होता. खालच्या फुटबॉलला तो श्वासासारखा लागत होता.

येथे आम्हांला तमाशाची आठवण होते, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांवर गावकारभारी येतात, यात्रेच्या सुपाऱ्या ठरतात आणि त्यावर फडाचे वर्ष निघते. २०२० च्या चैत्रात यात्राच भरल्या नाहीत. कादंबरी एकट्याने वाचता येते, चित्रपट घरी पाहता येतो. परंतु समोरून शिट्टी आली नाही तर सोंगाड्याचा पुढचा शब्दच सुचत नाही. तालमीच्या फुटबॉलची जात हीच. प्रयोगरूप कलेत प्रेक्षक हा संहितेचा भाग असतो, असे आम्ही परीक्षेच्या उत्तरात लिहून घेतो. त्या वर्षी मोबाइलच्या पडद्यावरील काळ्या चौकोनांना तेच वाक्य ऐकवताना त्याचा अर्थ आमच्याही थोडा अंगावर आला.

हे केवळ कोल्हापूरचे दुखणे नव्हते. इंग्लंडमध्ये मार्च २०२० च्या अखेरीस सातव्या पातळीपासून खालच्या साखळ्यांचे त्या हंगामातले सारे निकाल रद्द करण्यात आले. सात-आठ महिने चिखलात खेळलेले सामने कागदावरून पुसले गेले. वरच्या संघांचा हंगाम मात्र उन्हाळ्यात पूर्ण करून घेण्यात आला. त्याच देशात जानेवारी २०२१ मध्ये लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बी गावच्या मरीन या आठव्या पातळीवरील संघाच्या मैदानावर एफ.ए. चषकासाठी बलाढ्य टॉटनहॅम आला. प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. मैदानाला लागून असलेल्या घरांतली माणसे परसातल्या कुंपणावरून सामना पाहत होती, आणि प्रत्यक्ष आत जाता येणार नाही हे ठाऊक असूनही तीस हजारांहून अधिक लोकांनी आभासी तिकिटे विकत घेतली. मरीन ५-० ने हरला. तिकिटे घेणाऱ्यांना दुसरे काही अपेक्षित होते असे वाटत नाही.

आणखी एक चित्र आमच्याच राज्यातले. केरळातल्या एका क्लबकडून खेळायला आलेला घानाचा एक तरुण खेळाडू टाळेबंदीत मुंबईच्या विमानतळावर अडकला आणि सत्तरहून अधिक दिवस तिथेच राहिला. जूनमध्ये वृत्तपत्रांनी त्याची बातमी छापली, तेव्हा कुठे त्याची हॉटेलात सोय झाली. सामन्यागणिक पैसे मिळणाऱ्या खेळाडूचा सामनाच झाला नाही तर तो कोण असतो? आमच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न वेगळा नव्हता. तो कोल्हापुरात खालच्या गटातल्या एका संघाचा बचावपटू. त्या उन्हाळ्यात मोटारसायकलवरून किराणा पोहोचवत असे. "सर, पळायची सवय मोडली नाही एवढंच," असे तो फोनवर म्हणाला. त्याच्या संघातल्या तिघांनी नंतर खेळ सोडला. याची नोंद कुठल्या आकडेवारीत होत नाही.

आमचे एक सहकारी प्रीमियर लीगचे व्रतस्थ प्रेक्षक आहेत. त्यांचा आक्षेप असा, की दर्जा नसलेल्या खेळासाठी एवढा गळा काढण्याचे कारण काय? उंच मारलेले चेंडू, चुकलेले पास, धापा टाकणारे मध्यरक्षक. आक्षेप खोटा नाही. अनिकेत जाधवसारखा एखादा कोल्हापूरकर २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळतो, हा अपवादच. पण 'दर्जा' हा शब्द मराठी समीक्षेने लोकसाहित्यापासून ग्रामीण कवितेपर्यंत कितीदा आणि कुणावर चालवला, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. गॅलरीतला माणूस कसब पाहायला येतोच असे नाही. सकाळी दूध घालणारा पोरगा दुपारी गोलरक्षक म्हणून काय करतो, हे त्याला पाहायचे असते. तो चुकला तर शिवी नावानिशी, घराण्याच्या उद्धारासह दिली जाते. संध्याकाळी त्याच्याच खांद्यावर हात टाकून मिसळ खाल्ली जाते. अशी ओळख पडद्यावरच्या खेळात येत नाही. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी आपल्यापुरती वेगळी लीग जाहीर केली. ती दोन-तीन दिवसांतच कोसळली, ती इंग्लंडमधले लोक रस्त्यावर उतरल्यामुळे. वर्षभर ज्यांच्यावाचून खेळ चालवून दाखवला, तेच आडवे आले.

असो. या गर्दीला देव्हाऱ्यात बसवण्याचा आमचा हेतू नाही. कोल्हापुरात समर्थकांच्या हुल्लडबाजीने सामने थांबले आहेत, दगड आणि बाटल्या मैदानात आल्या आहेत, पोलिसांना मध्ये पडावे लागले आहे. पेठेची अस्मिता पाहता पाहता टोळीची होते. बायकांना तिथे निर्धास्तपणे बसता येते का, हाही प्रश्न आहे, आणि आम्हां दोघांतील एकीला तो पुस्तकातून पडलेला नाही. रिकाम्या स्टेडियमात यांपैकी काही घडत नव्हते, हे खरेच.

तरीही निर्बंध उठल्यानंतरच्या पहिल्या सामन्याला आम्ही दोघे पेठ नाक्यावरून एस.टी. धरून गेलो. २०१९ चा पूर, मग महासाथ, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर, अशा ओळीने आलेल्या वर्षांनंतर मैदानावर गवत कमी आणि धूळ जास्त होती. चेंडू वेडावाकडा उसळत होता. आमच्या पुढच्या पायरीवर तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढलेले एक आजोबा बसले होते. पहिल्या पंधरा मिनिटांत त्यांनी पंचाला, दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना आणि उन्हाला यथेच्छ सुनावले. मग मागे वळून आम्हांला विचारले, "कुठनं आलाय? इस्लामपूर? आणि कुणाकडनं हाय?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. तटस्थपणाचे उत्तर तिथे चालत नाही, हे वीस वर्षांपूर्वीच कळले होते.