मराठवाड्याच्या जिपा भंगारात घालण्याआधी

केंद्र सरकारच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात येते आणि ती वाहने नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडीत काढावी लागतात. नियमाचा हेतू योग्य आहे. धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी सरकारी गाडी रस्त्यावर धावू नये, याबद्दल कुणाचे दुमत असण्याचे कारण नाही. पण नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या एखाद्या तहसील कचेरीच्या, पंचायत समितीच्या, पाटबंधारे उपविभागाच्या किंवा आरोग्य केंद्राच्या आवारात टायर बसलेली, ताडपत्री फाटलेली जुनी जीप उरली असेल, तर तिचाही निकाल याच नियमाने लागणार आहे. कालच्या बोलेरोला आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या जीपला एकच माप लावले जात आहे. या जिपांपैकी काही आहेत त्या अवस्थेत, कागदपत्रांसह राखून ठेवल्या पाहिजेत. त्यांचे मोल ठरवताना शौकिनांच्या बाजारातली ‘मूळ इंजिन, मूळ बॉडी’ ही फूटपट्टी मात्र मराठवाड्याला लावता कामा नये.

ही फूटपट्टी आली अमेरिकेतून, आणि तिचा इतिहास ‘मसल कार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांच्या बाजारात सर्वांत स्वच्छ दिसतो. १९६४ मध्ये पॉन्टियाकने आपल्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ क्युबिक इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवून जीटीओ विकायला काढली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली. साध्या घरातल्या तरुणाला परवडेल अशा किमतीत प्रचंड ताकद, एवढेच या गाड्यांचे सूत्र होते. ते दहा वर्षेही टिकले नाही. विम्याचे हप्ते वाढले, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला आणि १९७३ च्या तेलसंकटाने उरलेले काम केले. ज्या गाड्या पुढे कुणी फुकटही नेत नव्हते, त्यांच्याच मागे नंतर लिलावाची बोली लागू लागली. १९७१ ची प्लायमाउथ हेमी कुडा, उघड्या टपाची, २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरला गेली. तशा गाड्या मुळातच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बनल्या होत्या. इंजिनावर कोरलेला क्रमांक चेसिसशी जुळतो का, गिअरबॉक्स तीच आहे का, रंग कारखान्याचाच आहे का, यावर तिथे लाखो डॉलरांचा फरक पडतो.

पण त्याच बाजाराने एक वेगळा दाखलाही दिला आहे, आणि तो आपल्या जास्त कामाचा आहे. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग १९७४ मध्ये एका कुटुंबाने सहा हजार डॉलरला घेतली आणि घरगुती गाडी म्हणून वापरली. खुद्द मॅक्वीनने १९७७ मध्ये पत्र पाठवून ती परत मागितली, तरी त्यांनी दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये ती लिलावात आली तेव्हा तिचा रंग उडालेला होता, पत्र्याला गंज होता आणि चित्रीकरणासाठी कॅमेरा बसवायला गाडीखाली केलेले वेल्डिंग तसेच होते. तिला डागडुजी करून नवी कोरी केलेली नव्हती. किंमत आली ३७ लाख ४० हजार डॉलर, त्या वेळच्या हिशेबाने सव्वीस कोटी रुपयांच्या वर. कारखान्याच्या दृष्टीने ते वेल्डिंग म्हणजे दोष. इतिहासाच्या दृष्टीने तोच पुरावा. गाडीने काय काम केले हे तिच्या अंगावर दिसते आणि कागदपत्रे त्याला दुजोरा देतात, एवढ्यावर ही किंमत उभी राहिली.

नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर मसल कार कधी रुजल्या नाहीत. अमेरिकेची जी एकच गाडी इथल्या मातीत खरोखर मिसळली, ती जीप. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराच्या मागणीवरून बँटम कंपनीने तिचा पहिला नमुना केला, मग विलिज आणि फोर्ड यांनी मिळून युद्धकाळात सुमारे ६ लाख ४० हजार गाड्या बनवल्या. फोर्डने आपल्या गाडीच्या बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटवले होते, आणि आजही शौकीन पान्याने खोलण्याआधी ते अक्षर शोधतात. १९४७ मध्ये महिंद्रने विलिजचे सुटे भाग आणून मुंबईत जोडणी सुरू केली. पुढे इथे वर्षानुवर्षे बनली ती सीजे-३बी, जिला आपल्याकडे हाय बोनेट म्हणतात. तिच्या ‘हरिकेन’ इंजिनाची उंची जास्त असल्याने बोनेट वर उचलावे लागले, म्हणून हे नाव. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली. महिंद्रने तिचा साचा जपला, इतका की त्या वंशातली रॉक्सर ही गाडी २०१८ पासून अमेरिकेत विकायला काढल्यावर आकाराच्या साम्यावरून खटला उभा राहिला.

मराठवाड्यात जीप ही शासनाची गाडी म्हणून रुजली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपले तेव्हा या भागात पक्के रस्ते मोजकेच होते, आणि काळ्या मातीत पाऊस पडला की बैलगाडीचे चाकही आसापर्यंत रुतते. अशा मुलखात तालुक्याच्या गावाहून लोहा-कंधारच्या वाड्यांना किंवा किनवटच्या जंगलाकडे पोचायचे तर जीपशिवाय उपाय नव्हता. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर गटविकास अधिकाऱ्याच्या जीपचा आवाज म्हणजे सरकार आले, असा गावाचा समज झाला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामांवर हजेरी तपासायला, विष्णुपुरीच्या प्रकल्पावर मोजणीला, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी बसवताना अधिकारी गावोगाव हिंडले. त्या हिंडण्याची नोंद सरकारी वाहनाच्या लॉगबुकात होते: तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, कशासाठी, खाली सही. दुष्काळाचा इतका बारीक भूगोल दुसऱ्या कोणत्याही कागदात सापडणार नाही.

ज्या १९७३ च्या तेलसंकटाने अमेरिकेत मसल कार संपवली, त्यानेच इथे जीप बदलून टाकली. पेट्रोल परवडेना, तसे मालकांनी मूळ पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवायला सुरुवात केली. महिंद्रनेही इंटरनॅशनल कंपनीच्या बी-२७५ ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन जीपमध्ये आणले, पुढे एमएम ५४० ला प्यूजोचे एक्सडीपी इंजिन दिले. जिल्ह्याच्या गावातल्या मिस्त्र्याने चेसिसवरचे जुने माउंटिंग कापून नवे पट्टे वेल्ड केले, रेडिएटर पुढे सरकवला, पाट्यांत एक जादा पाटा टाकला, मागे समोरासमोर बाकडी ठोकली. एसटी न पोचणाऱ्या रस्त्यावर याच गाड्या आणि त्यांची कमांडर, मार्शल ही भावंडे काळी-पिवळी झाली. बाजाराचा दिवस, दवाखाना, कॉलेज, लग्न, सगळे त्यांच्यावर. जी जीप कारखान्यातून आली तशीच राहिली, ती बहुधा कमी राबली. जी राबली ती बदलली, आणि हा बदलच मराठवाड्यातल्या जीपचा इतिहास आहे.

आता नियम काय म्हणतो ते पाहा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेले वाहन असेल, तर वीस हजार रुपये भरून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नोंदणी दहा वर्षांची. गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच बाहेर काढता येते. संस्थानिकांच्या गॅरेजमधल्या ब्यूकला आणि पॅकार्डला हा नियम चोख बसतो. १९७२ ची हाय बोनेट, जिच्यात पुढे डिझेल इंजिन चढले, तिला तो दार बंद करतो. खासगी मालकाने तिला सामान्य गाडी म्हणूनच चालू ठेवायचे ठरवले, तर पंधरा वर्षांनंतरचा पर्यावरण कर आहेच, आणि पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये पाच हजार झाले, ते वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारींसाठी २०२५ मध्ये दहा हजारांवर गेले. परिणाम उघड आहे. मालक ती भंगारवाल्याला देतो, नाहीतर हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणच्या नव्या बॉडीच्या, रुंद टायरांच्या, चकचकीत जिपांच्या धंद्यात तिची आरसी आणि चेसिस तेवढी जाते.

यावर पहिला आक्षेप असा की फेरफार झालेल्या गाड्यांना वारसा मानले, तर कालपरवा गॅरेजमधून बनवून आणलेली कुठलीही भडक जीप उद्या वारसा म्हणून रांगेत उभी राहील. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर कागदात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली फेरफाराची नोंद आरसीवर करावी लागते. २००० च्या दुरुस्तीने हे कलम कडक झाले आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ तपशिलाबाहेरचे फेरफार चालणार नाहीत, असे सांगितले. तेव्हा सीमारेषा हीच ठेवावी. २००० पूर्वी झालेला आणि आरसीवर चढलेला इंजिनबदल हा वाहनाच्या आयुष्याचा भाग धरावा, त्यानंतरचा धरू नये. कालची सजावट यात आपोआप गळते.

दुसरा आक्षेप प्रदूषणाचा. धावणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांना कसलीही सूट असू नये, हे मी स्पष्टपणे लिहितो. ज्या काळी-पिवळ्या आजही कुवतीबाहेर माणसे भरून रस्त्यावर आहेत, त्या थांबल्याच पाहिजेत. पण शेडमध्ये उभ्या असलेल्या जीपचा धूर कुणाच्या फुप्फुसात जात नाही, आणि व्हीए क्रमांकाची गाडी वर्षात मोजकेच दिवस बाहेर पडते. तिसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे: पाणी, पीकविमा, शाळा यांची ददात असलेल्या जिल्ह्याने जुन्या लोखंडावर पैसा का घालावा? खर्चाचा आकडा पाहिला तर हा प्रश्न सैल पडतो. हेमी कुडासारखी गाडी झळाळत ठेवायला पैसा लागतो. आहे त्या अवस्थेतली जीप राखायला पत्र्याची शेड, ठोकळ्यांवर उचललेली चेसिस, गंज रोखणारे तेल आणि एक माहितीचा फलक पुरतो. सोडून द्यायचे ते भंगाराच्या भावाचे लोखंड.

शौकीन मंडळी जपतील, सरकारने यात पडू नये, असेही म्हटले जाते. कागदपत्रे चोख असलेल्या लो बोनेटला, म्हणजे हाय बोनेटच्या आधीच्या ठेंगण्या बोनेटच्या जीपला, ते घसघशीत किंमत मोजतात, यात शंका नाही. पण त्यांना हवी असते ती लष्करी रंगाची, युद्धकाळातली, ‘एफ’ बोल्टांची गाडी. पंचायत समितीची डिझेल जीप त्यांच्या यादीत नसते, आणि नियमाप्रमाणे ती भंगार केंद्राखेरीज कुणाला विकताही येत नाही. तिला वाचवणे फक्त सरकारलाच शक्य आहे. अहिल्यानगरला लष्कराने १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय चालवले आहे. सेवा संपलेले यंत्र वितळवण्याआधी त्यातला एक नमुना ठेवायचा, ही शिस्त सैन्याला कळते.

नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी भंगारात जाणाऱ्या वाहनांची यादी होतानाच प्रत्येक मोठ्या खात्याची एक जुनी जीप वेगळी काढावी आणि नोंदणी रद्द करून निव्वळ प्रदर्शनासाठी ठेवण्याची स्पष्ट तरतूद राज्याने केंद्राकडून मिळवावी. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेने आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या आयटीआयनी या गाड्यांची मोजमापे, इंजिनबदलाची चित्रे आणि तो बदल करणाऱ्या वयस्क मिस्त्र्यांच्या मुलाखती घ्याव्यात. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास विभागाने लॉगबुके ताब्यात घ्यावीत. यातले शेवटचे काम सर्वांत निकडीचे आहे, कारण कालबाह्य अभिलेख रद्दीत घालण्याची पाळी गाडीच्या भंगाराआधीच येते. कोणत्या कचेरीत १९७२-७३ ची लॉगबुके अजून शिल्लक आहेत, एवढी विचारणा करणारे एक पत्र जिल्हाधिकारी कार्यालयातून या महिन्यात निघू शकते.