भुलेश्वराची रांग

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या प्रवाशाला दौंड ठाऊक असते ते जंक्शन म्हणून. मनमाडचा फाटा इथून फुटतो, गाडी थांबते, चहा होतो. पण त्याआधी, यवतच्या आसपास, उजव्या हाताच्या खिडकीतून उघड्याबोडक्या डोंगरांची एक ओळ दिसते, तिच्याकडे सहसा कोणी मान वळवीत नाही. आपली दृष्टी घडली महाबळेश्वर-माथेरानला. जे हिरवे नाही ते सुंदर नाही, असे आपण परस्पर ठरवून टाकले आहे.

ही ओळ म्हणजे सिंहगडाकडून पूर्वेला निघालेली भुलेश्वराची रांग. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचले, त्यांचाच हा काळा कातळ. पाऊस सगळा पश्चिमेच्या घाटमाथ्यावर सांडतो. इकडे येईतो ढगांची झोळी रिकामी झालेली असते. म्हणून येथे दाट रान नाही. पण अंगावर शेला नसल्यामुळेच या डोंगरांची ठेवण दिसते. पायरीवर पायरी चढत गेलेला कातळ, त्याखाली माळ. दिवाळीच्या सुमारास माळावरचे गवत सोनेरी होते, तरवड पिवळी फुलते. जवळच सुप्याला चिंकारा हरणांसाठी १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. अवघे ५.१४ चौरस किलोमीटरांचे. पण उजाड माळही कोणाचे तरी घर असते, याची ती सरकारी कबुलीच आहे.

यवतजवळून डोंगर चढून गेले की भुलेश्वर. तालुका पुरंदर, पण वाट दौंडकरांच्या पायाखालची. पार्वतीने येथे नृत्य करून शंकराला भुलविले, अशी कथा सांगतात. नंतरच्या काळातल्या घुमटांमुळे हे मंदिर बाहेरून मंदिर वाटतच नाही. अंधाऱ्या, अरुंद पायऱ्या चढून आत गेले की यादवकालीन शिल्पांनी भरलेल्या भिंती समोर येतात. कोणाचे नाक गेले आहे, कोणाचा हात. तरी कमरेचा बाक अजून तसाच नाचरा. गणपतीचे स्त्रीरूपही येथे आहे. या टणक दगडाला एवढी नजाकत बोलती करणाऱ्या हातांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

याच माथ्यावर दौलतमंगळ किल्ला होता. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळले आणि मुलखावर नजर ठेवण्यासाठी तो बांधला. आपली मुले दिवाळीत रायगड करतात, प्रतापगड करतात. दौलतमंगळ कोणी करीत नाही, आणि तेही योग्यच! पण ज्याने शहर उजाड केले त्याच्या किल्ल्याचे आज भग्न अवशेष उरावेत आणि देवळात श्रावणी सोमवारी गर्दी मावू नये, हा न्याय डोंगरानेच केला म्हणायचा.

आषाढीच्या वाटेवर तर या रांगेचा मान मोठा. ज्ञानोबांची पालखी ती दिवेघाटात ओलांडते, आणि तुकोबांची पाटसपुढे रोटी घाटात. दिवेघाटाची छायाचित्रे घरोघरी पोचली. रोटीचा घाट बिचारा धाकटा. तरी तिथेही रथाला जादा बैलजोड्या जुंपतात आणि टाळांच्या गजरात चढ सरतो. एकट्याला दमवणारा चढ सगळ्यांनी मिळून चढला की उत्सव होतो, हे पंढरीच्या वाटेने आपल्याला शिकविले.

आमच्या मराठीत दगडाला किती नावे! धोंडा, गोटा, कातळ, शिळा, पाषाण. मठ्ठ विद्यार्थ्याला आम्ही शिक्षक दगड म्हणतो, आणि शेंदूर लावताच त्याच दगडाला हात जोडतो. न पिकणाऱ्या जमिनीला मात्र सातबारा एकच नाव देतो, पोटखराबा. जमिनीची किंमत पिकावरून ठरू लागली की डोंगर फुकटचा वाटू लागतो. शहर वाढते, त्याला खडी हवी असते, आणि खडी डोंगर फोडल्याशिवाय मिळत नाही. वाघोलीच्या खाणी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना अधिक सांगायला नको. घरे आपल्यालाही हवीत, रस्तेही हवेत. पण कोणता डोंगर फोडायचा आणि कोणत्याला हात लावायचा नाही, हे डोंगराकडे कधीही न पाहणाऱ्यांनी कसे ठरवावे?

तेव्हा या सुटीत मुलांना घेऊन एकदा भुलेश्वरी जाऊन या. पाणी बरोबर न्या, सावली फारशी मिळणार नाही. शिळेचे शिल्प होते तसे शिळेची खडीही होते. दोन्ही माणसाच्याच हातांनी. मुलांना हा फरक वेळीच दिसलेला बरा.