मालवणचे प्रवाळ वाचवायचे, तर राखण मालवणकरांच्या हाती द्या

मालवण-तारकर्लीला स्कूबा करून आलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ असतोच. तोंडात नळी, भोवती रंगीत मासे आणि बोटांनी केलेली ‘ओके’ची खूण. त्या व्हिडिओत पायाखाली जो खडक दिसतो, तो अनेकदा नुसता खडक नसतो, त्यावर जिवंत प्रवाळ असते. २००१ पासून कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे कागदावर त्याला वाघाच्या तोडीचे संरक्षण आहे. पण वाघाच्या अंगावर कुणी उभे राहून फोटो काढत नाही.

प्रवाळ म्हणजे नेमके काय?

प्रवाळ ही वनस्पती नाही आणि दगडही नाही. तो प्राणी आहे. हजारो सूक्ष्म जीव एकत्र राहून चुन्याचा सांगाडा तयार करतात. त्यांच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळाचा रंगही बराचसा या शैवालामुळेच असतो.

पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा साधारण एक अंशाने वाढले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ या शैवालाला बाहेर टाकते आणि पांढरे पडते. यालाच ‘ब्लीचिंग’ म्हणतात. पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी लवकर थंड झाले तर ते सावरते, नाहीतर उपासमारीने मरते.

समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग प्रवाळभित्तींनी व्यापलेला नाही. तरीही सुमारे एक चतुर्थांश सागरी प्रजाती आयुष्याच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर त्यांच्या आधाराने जगतात. म्हणूनच प्रवाळाचा प्रश्न मासळीचा आणि पर्यायाने मच्छीमाराच्या चुलीचाही आहे.

मालवणमध्ये काय आहे?

लक्षद्वीपसारखी सलग प्रवाळभित्ती इथे नाही. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासच्या बुडालेल्या खडकांवर प्रवाळाच्या विखुरलेल्या वसाहती आहेत. म्हणूनच त्या नाजूक आहेत. एका खडकावरच्या वसाहती गेल्या, तर शेजारून भरपाई होण्याची शक्यता कमी.

१९८७ मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यात गाभा क्षेत्र जेमतेम ३ चौरस किलोमीटर. जाहीर झाल्यापासूनच मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. ‘उद्या समुद्रात उतरायलाही बंदी घालतील’ ही त्यांची भीती होती. ती दूर करण्याचे काम नीट झालेच नाही. परिणामी अभयारण्य बराच काळ कागदावर राहिले आणि त्याच पाण्यात पर्यटन मात्र वाढत गेले.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मालवणच्या प्रवाळाचे हौशी डायव्हिंगमुळे होणारे नुकसान नोंदवले आहे. कारण समजायला अवघड नाही. पोहताही न येणारा पर्यटक काही मिनिटांसाठी पाण्याखाली जातो. घाबरला की पाय टेकतो आणि हाताला लागेल ते धरतो. वरून होडीचा नांगर पडतो. वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढणारी वसाहत एका फटक्यात तुटते.

समुद्रच तापतोय, मग स्थानिक प्रयत्नांचा उपयोग काय?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये चौथे जागतिक ब्लीचिंग जाहीर केले. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठे तडाखे सोसले. मालवणची ग्रामसभा ठराव करून समुद्राचे तापमान खाली आणू शकत नाही.

पण तापाने फणफणलेल्या माणसाच्या पाठीवर आपण पोते ठेवत नाही. उष्णतेचा फटका बसल्यावर प्रवाळ सावरेल की नाही, हे त्या वेळी त्याच्यावर आणखी किती ताण आहेत यावरही अवलंबून असते. नांगर, गाळ, सांडपाणी, पर्यटकांचे पाय हे ताण आपल्या हातातले आहेत. जगाने कार्बन कमी करेपर्यंत हे खडक तग धरून राहावेत, एवढेच स्थानिक प्रयत्नांचे काम आहे. ते छोटे नाही.

हे कुठे जमले आहे का?

फिलिपिन्समधील आपो या छोट्या बेटावर १९८२ मध्ये मच्छीमारांनी प्रवाळभित्तीचा एक भाग स्वतःहून मासेमारीसाठी बंद केला. सागरी जीवशास्त्रज्ञ एंजेल अल्काला यांनी त्यांना शास्त्रीय साथ दिली, पण राखण गावाने केली. बंद भागात मासे वाढले आणि पुढे पर्यटकांकडून शुल्कही मिळू लागले. २०११ आणि २०१२ च्या वादळांनी तिथल्या प्रवाळाचे मोठे नुकसान केले. म्हणजे राखण केल्याने सगळे वाचते असे नाही. पण वाचवण्यासारखे काहीतरी शिल्लक राहते.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासमध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांना सोबत घेऊन सागरी कासवांची अंडी राखली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि घरोघरी पर्यटकांची सोय होऊ लागली. जाळ्यात अडकलेले संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ मध्ये आणली. दोन्ही ठिकाणी सूत्र एकच. स्थानिकाला आरोपी मानू नका, त्याला राखणदार करा आणि त्याचा खर्च भरून द्या.

मालवणमध्ये काय करता येईल?

पहिली गोष्ट, नांगरबंदी. डायव्हिंगच्या ठिकाणी तळाशी पक्के बसवलेले तरंगते बोये हवेत. होडी त्यांनाच बांधायची, नांगर टाकायचाच नाही. यासाठी कुठलेही अवघड तंत्रज्ञान लागत नाही.

दुसरी, विश्रांती. एका खडकावर दिवसाला किती जण उतरतील याची मर्यादा ठरवावी आणि काही खडक आळीपाळीने पूर्ण बंद ठेवावेत. निवतीच्या समुद्रात ‘आयएनएस गुलदार’ ही निवृत्त युद्धनौका बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम भित्ती करण्याचा राज्याचा प्रकल्प आहे. त्याचा फायदाही तेव्हाच, जेव्हा नैसर्गिक खडकांवरची गर्दी खरोखर कमी होईल. नाहीतर फक्त आणखी एक ‘पॉइंट’ वाढेल.

तिसरी, पैसा. प्रत्येक डायव्हमागे छोटे शुल्क घ्यावे आणि ते मच्छीमार, होडीवाले, डायव्हिंग गाइड आणि वन विभाग यांच्या संयुक्त समितीकडे राहावे. त्यातून स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन दरवर्षी त्याच खडकांची नोंद ठेवता येईल. हिशेब मात्र सगळ्यांना दिसेल असा हवा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, लेखी हमी. सागरी अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी तजवीज करा, असे वन्यजीव कायद्याचे कलम २६अ सांगते. मग रापण आणि पारंपरिक मासेमारी कुठे चालेल, कुठे नाही, हे मच्छीमारांसोबत बसून नकाशावर का आखू नये? हमीशिवाय सहकार्य मागणे म्हणजे कोरा धनादेश मागणे.

या सगळ्यात एक धोका आहे. समिती दोन-चार वजनदार माणसांच्या हाती गेली, तर कुंपणच शेत खाईल. म्हणून शास्त्रीय तपासणी बाहेरच्या संस्थेकडे आणि दंडाचे अधिकार सरकारकडेच राहायला हवेत. पण रोज पहाटे समुद्रावर असतो तो मच्छीमार, अधिकारी नव्हे. खडक कुठे आहे, पाणी कधी गढूळ होते, कोण नियम मोडतो, हे त्याला आधी कळते.

आणि आपण पर्यटक? पुढच्या वेळी बुकिंग करताना भाव करण्याआधी दोन प्रश्न विचारा : ‘होडी बोयाला बांधता की नांगर टाकता? एका गाइडबरोबर किती जण उतरवता?’ खाली गेल्यावर कशावरही उभे राहू नका, माशांना बिस्किटे टाकू नका आणि आठवण म्हणून तुकडा उचलू नका. ग्राहक हे विचारू लागले, तर नियम यायच्या आधीच धंद्याची रीत बदलू लागेल.