विश्लेषण : डेरिक रोझची कारकीर्द त्या रात्री खरेच संपली होती का?

शिकागो बुल्सने डेरिक रोझची १ क्रमांकाची जर्सी निवृत्त करण्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले. या संघात हा मान त्याआधी फक्त चौघांच्या वाट्याला आला होता. जेरी स्लोन, बॉब लव्ह, मायकल जॉर्डन आणि स्कॉटी पिपेन हे ते चौघे. रोझने बुल्सला एकही विजेतेपद मिळवून दिले नाही. एनबीएच्या अंतिम फेरीपर्यंतही तो संघाला नेऊ शकला नाही. गुडघ्याच्या दुखापतींनी त्याची ऐन उमेदीची वर्षे खाल्ली. त्या काळात शिकागोचेच चाहते त्याच्यावर चिडले होते, त्याच्या धैर्याविषयी शंका घेत होते. मग त्याच शहराला हा सन्मान योग्य का वाटला?

घरचा मुलगा

रोझचा जन्म १९८८ चा. शिकागोच्या दक्षिण भागातील एंगलवूड ही गरिबी आणि गोळीबारांसाठी कुप्रसिद्ध असलेली वस्ती. तो तिथेच वाढला. सिमियन या शिकागोतल्याच शाळेकडून खेळला. मेम्फिस विद्यापीठात एक वर्ष काढून २००८ मध्ये तो एनबीएच्या निवड प्रक्रियेत उतरला. पहिल्या निवडीची सोडत जिंकण्याची बुल्सची शक्यता त्या वर्षी अवघी १.७ टक्के होती. चिठ्ठी त्यांचीच निघाली आणि घरचा मुलगा घरच्याच संघात आला.

जॉर्डनने १९९८ मध्ये सहावे विजेतेपद जिंकून दिल्यानंतर हा संघ दहा वर्षे चाचपडत होता. रोझ पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित ठरला. तिसऱ्या हंगामात, म्हणजे २०१०-११ मध्ये, त्याने सामन्यामागे सरासरी २५ गुण मिळवले, बुल्सने ८२ पैकी ६२ सामने जिंकले आणि वयाच्या २२ व्या वर्षी तो हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, अर्थात ‘एमव्हीपी’ झाला. इतक्या लहान वयात हा पुरस्कार त्याच्याआधी आणि त्याच्यानंतरही कुणाला मिळालेला नाही. त्या वर्षी मायामी हीटने, म्हणजे लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश या त्रिकुटाने, उपान्त्य टप्प्यावर बुल्सला ४-१ असे हरवले. पण हरूनही शिकागोत निराशा नव्हती. रोझ २२ वर्षांचा होता, वेळ भरपूर होता, असे सगळेच समजत होते.

२८ एप्रिल २०१२ रोजी काय घडले?

मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे २०११-१२ चा हंगाम नाताळच्या दिवशी सुरू झाला आणि ६६ सामने चार महिन्यांत उरकण्यात आले. रोझ त्यातले ३९ सामनेच खेळू शकला. कधी पायाचे बोट, कधी पाठ, कधी जांघ, कधी घोटा अशा किरकोळ वाटणाऱ्या तक्रारी सतत चालू होत्या. तरीही बुल्स ५० विजयांसह पहिल्या क्रमांकावर राहिले.

प्ले-ऑफचा पहिलाच सामना फिलाडेल्फियाशी होता. शेवटचे एक मिनिट २२ सेकंद उरलेले, बुल्स १२ गुणांनी पुढे. रोझ चेंडू घेऊन आत घुसला, दोन्ही पायांवर अचानक थांबला, उडाला आणि डावा गुडघा धरून खाली कोसळला. त्याला कुणाचा धक्का लागला नव्हता. गुडघ्यातला ‘एसीएल’ हा अस्थिबंध तुटला होता. त्याच दिवशी मायामीत न्यूयॉर्क निक्सच्या इमान शम्पर्टचाही एसीएल तुटला. दाटीवाटीच्या वेळापत्रकामुळे हे झाले असे तेव्हा बऱ्याच जणांना वाटले. ते सिद्ध करणे मात्र सोपे नाही.

हा अस्थिबंध मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांशी बांधून ठेवतो. नडगी पुढे सरकू न देणे आणि पाय वळताना गुडघा स्थिर ठेवणे हे त्याचे काम. वेगात असताना एकदम थांबणे, दिशा बदलणे आणि उडीनंतर एका पायावर भार येणे, या तिन्ही क्रिया त्याच्यावर सर्वाधिक ताण आणतात. आपल्याकडच्या कबड्डीपटूंना ही दुखापत चांगलीच ठाऊक आहे. रोझचा खेळ याच तीन क्रियांवर उभा होता. पूर्ण वेगात येऊन जागच्या जागी थांबायचे आणि प्रतिस्पर्धी पुढे निघून गेला की उडायचे, हे त्याचे अस्त्र होते.

संघ १२ गुणांनी पुढे असताना प्रशिक्षक टॉम थिबोडो यांनी रोझला मैदानावर ठेवलेच का, हा प्रश्न शिकागोत आजही विचारला जातो. एवढी आघाडी प्ले-ऑफमध्ये मिनिटभरात वितळू शकते, असे थिबोडोंच्या बाजूने म्हणता येते. पण प्रमुख खेळाडूंना थकेपर्यंत खेळवणारे प्रशिक्षक ही त्यांची ख्याती शिकागोतच तयार झाली होती. शिवाय आधीच कुरबुरणाऱ्या शरीराचा खेळाडू त्या क्षणी बाकावर शोभला असता, हे म्हणण्यासाठी पश्चातबुद्धीची गरज नव्हती.

‘डॉक्टर हो म्हणाले, मग हा खेळत का नाही?’

तुटलेला एसीएल आपोआप जुळत नाही. रुग्णाच्याच शरीरातला दुसरा स्नायुबंध काढून त्या जागी बसवतात आणि त्याला तिथे रुजायला अनेक महिने लागतात. रोझची शस्त्रक्रिया मे २०१२ मध्ये झाली. मार्च २०१३ मध्ये डॉक्टरांनी त्याला खेळण्याची परवानगी दिल्याच्या बातम्या आल्या. तो सरावही करत होता. पण सामन्यात डाव्या पायावरून निःशंकपणे उडी घेता येत नाही, तोवर उतरणार नाही, ही त्याची भूमिका होती.

तिथून चाहत्यांचे मन फिरू लागले. त्याला कारणेही होती. डिसेंबर २०११ मध्ये रोझने पाच वर्षांसाठी सुमारे साडेनऊ कोटी डॉलरचा करार केला होता. तरुण पण असामान्य खेळाडूला अधिक वेतन देण्याची जी तरतूद तेव्हा लीगच्या नियमांत आली, तिला ‘रोझ नियम’ असेच नाव पडले. आदिदासने त्याच्या पुनरागमनाचीच जाहिरात मोहीम काढली होती. सराव करणारा, घाम गाळणारा, परतणारा रोझ सर्वत्र दिसत होता. फक्त सामन्यात दिसत नव्हता. ज्या चाहत्याने ती जाहिरात पाहून तिकीट काढले, त्याची चिडचिड समजण्यासारखी होती.

त्यात २०१३ च्या प्ले-ऑफमध्ये सहकाऱ्यांशी तुलना सुरू झाली. जोकिम नोआ तळपायाच्या असह्य दुखण्यासह खेळत होता. नेट रॉबिन्सन आजारी असताना, उलट्या होत असताना उतरला. लुओल डेंगला मेंदूज्वराच्या संशयावरून पाठीच्या मणक्यातून पाणी काढण्याची तपासणी करावी लागली, ती बाधली आणि तो रुग्णालयात पडला. अशा मोडक्या संघाने ब्रुकलिनला सात सामन्यांत हरवले, तेव्हा रोझ बाकावर सूट घालून बसला होता. ते छायाचित्र बरीच वर्षे त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरले गेले. डेंगचे उदाहरण नेमके उलट दिशेला बोट दाखवत होते, याकडे तेव्हा फारसे कुणी पाहिले नाही. आजारी आणि जखमी माणसांनी खेळत राहणे ही त्या संघात शौर्याची व्याख्या झाली होती. रोझ त्या व्याख्येत बसला नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

टाके घालायचे की कापायचे?

रोझ परतला तो ऑक्टोबर २०१३ मध्ये आणि दहा सामने खेळून पुन्हा पडला. नोव्हेंबरमध्ये पोर्टलंड येथे त्याच्या उजव्या, म्हणजे दुसऱ्याच गुडघ्याचा ‘मेनिस्कस’ फाटला. दोन हाडांमध्ये गादीसारखी बसणारी ही कूर्चा असते. ती फाटली तर सर्वसाधारणपणे दोन वाटा असतात. टाके घालून ती शिवायची किंवा फाटलेला तुकडा कापून टाकायचा. शिवली तर गादी वाचते, पण भरून यायला कित्येक महिने जातात. कापली तर खेळाडू काही आठवड्यांत मैदानावर येतो, पण गादी तेवढी कमी होते आणि पुढे हाडावर हाड घासण्याचा धोका वाढतो.

२०१३ मध्ये कूर्चा शिवली गेली आणि रोझचा हंगाम संपला. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याच गुडघ्याची तीच कूर्चा पुन्हा फाटली. या वेळी खराब भाग काढून टाकला आणि तो एप्रिलमध्ये, सुमारे सहा आठवड्यांत परतला. मे महिन्यात क्लीव्हलँडविरुद्ध शेवटच्या क्षणी लांबून मारलेला, फलकावर आपटून आत गेलेला त्याचा तीन गुणांचा फटका शिकागोकर विसरलेले नाहीत. सारे सभागृह नाचत असताना रोझचा चेहरा मात्र कोरा होता. पुढच्याच सामन्यात लेब्रॉनने तसाच शेवटच्या क्षणी फटका मारला आणि बुल्स ती मालिका ४-२ अशी हरले. चाहत्याला त्या रात्रीचा आनंद मिळाला. काढून टाकलेल्या कूर्चेचा हिशेब मात्र गुडघ्याच्या मालकाच्या नावावर राहतो.

चाहत्यांना सर्वाधिक खटकलेले बोल

नोव्हेंबर २०१४ मध्ये रोझ पत्रकारांशी बोलताना म्हणाला, की आपण दूरचा विचार करतो. खेळ संपल्यानंतरही आयुष्य आहे. मुलाच्या पदवीदान समारंभाला किंवा एखाद्या बैठकीला दुखऱ्या अंगाने जायची वेळ यावी असे आपल्याला वाटत नाही. या बोलण्यावर अमेरिकेत अक्षरशः तुटून पडले लोक. कोट्यवधी डॉलर घेणाऱ्या तरुणाने ‘बैठकींना’ जाताना गुडघे दुखतील म्हणून सामने सोडावेत, ही त्याची टर उडवण्याची सोपी पद्धत होती. कामावरून थकून येणारे, तेवढेच दुखरे गुडघे घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणारे लोकही शिकागोत लाखांनी आहेत. त्यांचा राग निव्वळ टवाळी नव्हता.

तरीही बोलणे चुकीचे नव्हते. तोवर त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर एकेक शस्त्रक्रिया झाली होती आणि पुढच्या तीन महिन्यांत तिसरी होणार होती. आज एनबीएमध्ये खेळाडूंना ठरवून विश्रांती देणे सर्रास चालते. तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला ते आजही आवडत नाही आणि लीगला त्यावर नियम करावे लागले आहेत. पण शरीर वाचवण्याची भाषा आता संघ स्वतःच बोलतात. २०१४ मध्ये ती एका खेळाडूने, स्वतःच्या मुलाचे नाव काढून, उघडपणे बोलली म्हणून ती भित्रेपणाची ठरली.

मत कधी बदलले?

जून २०१६ मध्ये बुल्सने रोझला न्यूयॉर्क निक्सकडे धाडले. तिथे डाव्या गुडघ्याची कूर्चा फाटली. २०१७ मध्ये क्लीव्हलँडकडे असताना तो काही दिवस संघ सोडूनच निघून गेला. खेळायचे की नाही याचा विचार करायला त्याला वेळ हवा होता. २०१८ च्या फेब्रुवारीत युटाने त्याला घेतले आणि एकही सामना न खेळवता सोडून दिले. तेव्हा मिनेसोटाचे प्रशिक्षक असलेल्या थिबोडोंनीच त्याला पुन्हा जवळ केले.

आणि ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी, त्याच युटाविरुद्ध, रोझने ५० गुण केले. ‘एमव्हीपी’ झालेल्या वर्षीही त्याला एका सामन्यात इतके गुण जमले नव्हते. शेवटच्या सेकंदांत त्याने युटाचा फटका अडवला, मिनेसोटाने सामना १२८-१२५ असा जिंकला आणि तो मैदानावरच रडला. शिकागोतला राग बहुतेक त्याच रात्री संपला. २०२०-२१ मध्ये ‘एमव्हीपी’च्या मतदानात चाहत्यांच्या एकत्रित मतालाही एका मतपत्रिकेचे स्थान होते. चाहत्यांनी पहिली पसंती दिली ती निक्सकडून राखीव खेळाडू म्हणून उतरणाऱ्या ३२ वर्षांच्या रोझला. तज्ज्ञांना ते हास्यास्पद वाटले. त्या हंगामाचा निकष लावला, तर ते होतेही. पण चाहते बहुधा त्या हंगामासाठी मत देत नव्हते.

चाहत्यांच्या आठवणीत मात्र एक गफलत अजून शिल्लक आहे. ‘रोझ त्या रात्री संपला’ हे वाक्य आज सहानुभूतीने म्हटले जाते, पूर्वी चिडून म्हटले जाई. आकडे वेगळे सांगतात. २८ एप्रिल २०१२ पूर्वी तो साखळीतले २७९ सामने खेळला होता. त्यानंतर तो आणखी ४४४ सामने खेळला, सहा शहरांत, चार शस्त्रक्रियांनंतरही. तो पुन्हा कधी ऑल-स्टार झाला नाही, हे खरे. शिकागोला हवा असलेला खेळाडू संपला, हेही खरे. पण रोझ नावाच्या माणसाने कारकिर्दीचा मोठा भाग बदललेल्या पायांवर खेळायला नव्याने शिकण्यात घालवला. उडी कमी झाल्यावर त्याने लांबून फटके मारण्याचे तंत्र सुधारले, राखीव म्हणून बसणे स्वीकारले. ‘जर तो पडला नसता तर’ या एकाच प्रश्नात रमलेल्या शहराला हा दुसरा खेळाडू दिसायला वेळ लागला, कारण तो बहुतांशी दुसऱ्या शहरांत खेळत होता.

पुढे काय?

रोझने सप्टेंबर २०२४ मध्ये निवृत्ती घेतली. खेळाला उद्देशून लिहिलेले पत्र त्याने आपण खेळलेल्या सहाही शहरांच्या स्थानिक वृत्तपत्रांत छापून आणले. ४ जानेवारी २०२५ रोजी बुल्सने त्याच्या नावाने खास रात्र साजरी केली, तेव्हा नोआ आणि जुने सहकारी हजर होते. समोर निक्सचा संघ होता आणि त्याच्या बाकाशी उभे होते टॉम थिबोडो.

आता वाद आहे तो ‘हॉल ऑफ फेम’चा. ‘एमव्हीपी’ मिळवलेल्या आणि निवडीस पात्र ठरलेल्या प्रत्येक खेळाडूला तिथे आजवर जागा मिळाली आहे. रोझबाबत ती परंपरा खंडित होऊ शकते, कारण त्याची खरी बहराची वर्षे चारच होती. विरोधकांचा हा युक्तिवाद दुबळा नाही. समर्थक त्याच्या २०११ च्या हंगामाकडे बोट दाखवतात. नंतरच्या ४४४ सामन्यांचा उल्लेख या वादात अजून तरी फारसा कुणी करत नाही.