व्हेनिसची सहल आणि दरवाजाच्या खुणा



आमच्या वस्तीतली एक लेक सरकारी शिष्यवृत्तीवर इटलीत मिलानला शिकते. मागच्या महिन्यात तिच्या वर्गातली मुले-मुली शनिवार-रविवार जोडून व्हेनिसला जाऊन आली. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. तिने मला विहाराच्या पायरीवरच गाठले. "भाऊ, पोरगी शिकायला गेली का फिरायला?" खरे सांगतो, मलाही तसेच वाटले होते. मग मी मुलीशी फोनवर बोललो.

व्हेनिस हे पाण्यात वसलेले शहर. रस्त्यांच्या जागी कालवे, मोटारगाडी नाहीच. मुलांनी सेंट मार्कचा चौक पाहिला, रिआल्टोचा पूल पाहिला. गोंडोला होडीच्या अर्ध्या तासाच्या फेरीला ९० युरो, म्हणजे आपले आठ-नऊ हजार तरी! पाच जणांत वाटून घेऊनही आमची लेक काठावरच उभी राहिली. शहाणी आहे. रविवारी सकाळी मात्र दोन मैत्रिणींना उठवून ती कानारेजो भागात गेली. तिथे 'घेटो' आहे.

हा शब्द आपल्याला परका नाही. बाबासाहेबांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या एका इंग्रजी लेखनाच्या नावातच तो आहे. शासनाने काढलेल्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात ते आहे, जिज्ञासूंनी जरूर पाहावे. हा शब्द या व्हेनिसमधलाच. २९ मार्च १५१६ रोजी तिथल्या सिनेटने ठराव केला की शहरातल्या ज्यू लोकांनी एकाच बेटावर राहावे. तिथे पूर्वी धातू ओतण्याचा कारखाना होता, त्यावरून हे नाव पडले असे बहुतेक अभ्यासक मानतात. रात्री दरवाजे बंद. बाहेर पहारेकरी, कालव्यात गस्तीच्या होड्या, आणि पहाऱ्याचा पगार कोणी द्यायचा? आत कोंडलेल्या ज्यूंनीच! दिवसा बाहेर पडताना ओळखू यावे म्हणून टोपी, आधी पिवळी, पुढे लाल. आपल्या गळ्यातले मडके आठवले ना?

जागा वाढवून मिळेना, म्हणून घरे वर चढत गेली. सहा-सात मजले, ठेंगणी छते. प्रार्थनास्थळे वरच्या मजल्यांवर. धंदे ठरवून दिलेले: जुने कपडे विकणे, गहाणवट, वैद्यकी. १७९७ साली नेपोलियनचे सैन्य आले आणि दरवाजे तोडले गेले. बिजागरीच्या खाचा प्रवेशाच्या बोळात अजून दिसतात. लेकीने त्यात बोट घालून पाहिले.

माझ्या मते आपल्यात आणि त्यांच्यात एक मोठा फरक आहे. त्यांची कोंडी एका ठरावाने झाली, तारखेनिशी. आपल्या गावकुसाबाहेरच्या वस्तीला ना दरवाजा, ना पहारेकरी. मग तोडणार काय?

पण दरवाजे तुटले म्हणून सारे संपले असेही नाही. १९४३ साली जर्मन फौजा आल्या. तिथल्या ज्यू समाजाचे अध्यक्ष डॉ. ज्युसेप्पे योना यांच्याकडे समाजातल्या लोकांची यादी मागण्यात आली. यादी देण्याऐवजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. पुढे दोनशेहून अधिक माणसे छळछावण्यांत नेली गेली, परतली बोटावर मोजण्याइतकी. मी कचेरीत वीस वर्षे याद्याच करतो आहे. साहेबाने मागितली की द्यायची, एवढेच मला ठाऊक. ते ऐकल्यावर मला काही वेळ बोलता येईना.

पालकांनो, सहलीचा पैसा म्हणजे उधळपट्टी, असे यापुढे मी तरी म्हणणार नाही.

हे सगळे मी तिच्या आईला सांगितले. ती म्हणाली, "रात्री कोणालाच बाहेर सोडत नव्हते?" मी म्हटले, ज्यू डॉक्टरांना सोडत, शहरातले रोगी तपासायला.

"म्हणजे कामापुरते चालत होते," ती म्हणाली. मग सहलीला खर्च किती आला ते विचारले. मी आकडा सांगितला. ती गप्प राहिली.

येत्या रविवारी वंदनेनंतर सकाळी दहा वाजता लेक व्हिडिओ कॉलवरून सारे फोटो दाखवणार आहे. महिला मंडळाने मुलांना घेऊन यावे. तिची आई येते म्हणाली आहे.